आंब्याच्या वाफेपासून टपरीवरच्या सुट्या सिगारेटपर्यंत

न्हावा-शेवा बंदरात कंटेनरमध्ये दडवलेल्या ई-सिगारेटी पकडल्या, उपनगरातल्या एखाद्या गाळ्यातून पोलिसांनी वेपचा, म्हणजे ई-सिगारेटींचाच, साठा जप्त केला, या बातम्या मुंबईकरांना आता नव्या राहिलेल्या नाहीत. बंदी २०१९ पासून आहे आणि माल येतोच आहे, एवढं त्यातून कळतं. घराघरांत पडणारा प्रश्न मात्र वेगळा असतो. नववीपर्यंत सिगारेटच्या वासाने नाक मुरडणारा मुलगा अकरावीत आंब्याच्या नाहीतर लिचीच्या चवीची वेप ओढू लागतो, आणि बारावी संपायच्या आत कॉलेजच्या कोपऱ्यावर सुटी सिगारेट घेताना कुणाला तरी दिसतो. मुलींचंही तेच. गोड वाफ सोडून कडवट धुराकडे कुणी का जाईल?

कारण ती ओढ आंब्याची नव्हतीच. पहिले काही दिवस असेल. नंतर आंबा नुसता नावाला उरतो.

वेपच्या आत काय असतं

उपकरण अगदी साधं आहे. एक लिथियमची बॅटरी, एक तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल, तिच्याभोवती कापूस आणि त्या कापसात मुरलेला द्रव. मुलं त्याला ज्यूस म्हणतात. तोंडाने ओढलं की हवेच्या दाबावर चालणारा छोटा सेन्सर बॅटरी चालू करतो, कॉइल तापते आणि द्रवाची वाफ होते. जळत काहीच नाही, म्हणून राख नाही, थोटूक नाही, कपड्यांना रेंगाळणारा वासही नाही. द्रवात प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, चवीची आणि गारव्याची रसायनं, आणि निकोटिन.

निकोटिन म्हणजे तंबाखूतला तो पदार्थ ज्याची सवय लागते. सिगारेटमधला डांबरासारखा चिकट भाग, कार्बन मोनॉक्साइड, कर्करोग घडवणारी रसायनं हे सगळं शरीर बिघडवतं. पण उद्या पुन्हा टपरीवर नेतं ते निकोटिन. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता थोडा हिशोब. एका सिगारेटच्या तंबाखूत साधारण १० ते १२ मिलिग्रॅम निकोटिन असतं, पण ओढणाऱ्याच्या अंगात जातं एक ते दीड मिलिग्रॅम. बाकीचं जळतं, उडतं, थोटकात राहतं. चोरून विकल्या जाणाऱ्या वापरून फेकायच्या वेपवर बरेचदा ‘५%’ छापलेलं असतं. म्हणजे एका मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम. अशा १० मिलिलिटरच्या वेपमध्ये ५०० मिलिग्रॅम निकोटिन झालं. त्यातलं निम्मं वाया गेलं असं धरलं, तरी उरलेलं दीडशेहून जास्त सिगारेटींइतकं भरतं. युरोपीय संघाने निकोटिनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम आणि टाकीला २ मिलिलिटर अशी मर्यादा ठेवली आहे. आपल्याकडे सगळाच माल बेकायदा, त्यामुळे मापं तपासणारं कुणी नाही. खोक्यावर छापलेला आकडा खरा असेलच असंही नाही.

आजोबांचा चुना आणि वेपमधलं आम्ल

तंबाखू मळताना चुना लावतात तो उगाच नाही. चुना अल्कलीधर्मी असतो. त्याने निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून चटकन रक्तात शिरतं. पण हेच मोकळं निकोटिन वाफेबरोबर घशात गेलं की झोंबतं. सुरुवातीच्या ई-सिगारेटींची हीच अडचण होती: निकोटिन वाढवलं की घसा धरायचा. नवशिक्याला दोन झुरक्यांतच नको व्हायचं.

मग उलटी युक्ती निघाली. निकोटिनमध्ये बेंझोइक आम्लासारखं सौम्य आम्ल मिसळायचं. निकोटिनचा क्षार तयार होतो, बाजारात त्याला ‘निक सॉल्ट’ म्हणतात. अळूच्या फदफद्यात चिंच घातली की घसा खवखवत नाही, तसा हा प्रकार. (अळूची खाज वेगळ्या कारणाने येते, पण आंबटाने बोचरेपणा मरतो एवढं साम्य पुरे.) २०१५ साली अमेरिकेत ‘जूल’ नावाची वेप बाजारात आली ती याच युक्तीवर, आणि पाच टक्क्यांचं निकोटिन चौदा-पंधरा वर्षांच्या मुलालाही गारेगार वाटू लागलं.

खरं तर ही युक्ती जुनीच आहे. सिगारेट जगभर पसरली ती गरम हवेने सुकवलेल्या तंबाखूमुळे. त्याच्या पानात साखर जास्त राहते, धूर किंचित आम्लधर्मी होतो आणि छातीत खोल ओढता येतो. चिरुटाचा अल्कलीधर्मी धूर तसा ओढवत नाही. वेपने सिगारेटचाच धडा गिरवला, फक्त जास्त सफाईने.

मेंदूतली गर्दी

छातीत गेलेलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथल्या पेशींवर त्याला बसायच्या ठरावीक जागा असतात. जागा भरल्या की डोपामाइन नावाचं रसायन सुटतं आणि क्षणभर बरं वाटतं. मुलं त्याला किक म्हणतात. पण रोज एवढे प्रवासी येताहेत म्हटल्यावर मेंदू गाडीला डबे जोडतो. बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांची करावी, तशा या जागा खरोखर वाढतात. फरक एवढाच की लोकलमधली रिकामी सीट गप्प बसते, मेंदूतली बसत नाही. निकोटिन उतरलं की त्या रिकाम्या जागांची चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, उगाच भांडण निघतं. तलफ म्हणतात ती हीच. रक्तातलं निकोटिन दर दोन तासांनी निम्म्यावर येतं, त्यामुळे सकाळी उठल्यावर गाडी जवळजवळ रिकामी असते.

मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. वाढत्या मेंदूत हे डबे लवकर जोडले जातात आणि सवय कमी मालावर लागते. सोळाव्या वर्षी लागलेली सवय तिशीत लागलेल्या सवयीपेक्षा सोडायला अवघड, त्याचं कारण हे. मुलाचा स्वभाव कच्चा आहे म्हणून नव्हे.

वेप संपतच नाही, आणि मग एक दिवस संपते

सिगारेटला शेवट असतो. दहा-बारा झुरके, पाच-सहा मिनिटं, थोटूक टाकलं, विषय संपला. दिवसाला किती झाल्या ते मोजता येतं. वेपला थोटूक नाही. पांघरुणात एक पफ, शाळेच्या बाथरूममध्ये दोन, क्लासला जाताना बसच्या मागच्या सीटवर एक. खोक्यावर ‘हजारो पफ’ लिहिलेलं असतं आणि मोजतं कोण? त्यामुळे पाकीटभर सिगारेटींएवढं निकोटिन दिवसाला घेणारा मुलगा मनापासून सांगतो, ‘मी स्मोकर नाही.’ तो खोटं बोलत नसतो. त्याला हिशोबच माहीत नसतो.

मग कधीतरी वेप बंद पडते. बॅटरी मरते. कापूस कोरडा पडून जळका वास येतो. आईला दप्तरात सापडते. किंवा पुरवणारा फोन उचलत नाही, कारण परवाच छापा पडलेला. नवी घ्यायची तर काही शे ते हजार-दोन हजार रुपये लागतात आणि ओळखीचा माणूस शोधावा लागतो. मेंदूतल्या पंधरा डब्यांना यातलं काही कळत नाही. त्यांना तासाभरात प्रवासी हवे असतात.

आणि इथे मुंबई मदतीला धावते. कॉलेजच्या फाटकापासून स्टेशनपर्यंत चालताना जेवढ्या टपऱ्या लागतात, तेवढी निकोटिन विकणारी दुकानं. एक सुटी सिगारेट वडापावच्या आसपासच्या किमतीत, पेटवायला लायटर दोरीला बांधलेला, शेजारी कटिंग. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. अठरा वर्षांखालच्याला विकायलाही. तिन्ही नियम एकाच टपरीवर एकाच वेळी मोडलेले पाहायला फार लांब जावं लागत नाही.

वेपची बंदी चुकीची होती असं मला म्हणायचं नाही. पण वेप मिळणं अनिश्चित आणि सिगारेट मिळणं निश्चित, अशी स्थिती असेल तर तलफ लागलेला मुलगा कुठे जाणार हे सांगायला तज्ज्ञ नको.

पहिल्याच सिगारेटला तो सरावलेला कसा?

ज्याने कधी काहीच ओढलेलं नाही, त्याला पहिली सिगारेट नकोशी होते. ठसका, चक्कर, मळमळ, कधी उलटीही. निसर्गाने ठेवलेला हा उंबरा आहे आणि कित्येक जण तिथूनच परत फिरतात. चक्कर आणि मळमळ येते ती बरीचशी निकोटिनने. वेप ओढणाऱ्याचं शरीर त्याला आधीच सरावलेलं असतं. धुराने खोकला येतो, पण पोटात ढवळत नाही. ओढायचं, छातीत धरायचं, सोडायचं, हे हाताला आणि छातीला पाठ झालेलं असतं. दोन बोटांत काहीतरी धरून घोळक्यात उभं राहायची सवयही झालेली असते. शिवाय चघळायच्या गोळीसारख्या चवीच्या, टोकाशी कॅप्सूल फोडायच्या सिगारेटी बाजारात आहेत. वेपच्या जिभेला त्या ओळखीच्या वाटतात.

यानंतर पुष्कळ जण वेप सोडत नाहीत. घरात वेप, बाहेर सिगारेट, असा दुहेरी संसार सुरू होतो. वेपवरून सिगारेटवर ‘गेला’ असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात सिगारेट वरून चढते. एखाद्या पोराच्या बाबतीत सिगारेटच्या जागी मावा किंवा मळलेली तंबाखू येते. निकोटिनला वेष्टनाचं सोयरसुतक नाही.

‘ओढणारी पोरं ओढतातच, वेपला दोष कशाला?’

आक्षेप दमदार आहे. धाडस करायला आवडणारी, घरात सिगारेट पाहिलेली, मित्रांच्या नादी लागणारी मुलं दोन्ही गोष्टी करणार. छत्री आणि गमबूट एकाच घरात सापडतात म्हणून छत्रीमुळे गमबूट येतात असं होत नाही. दोन्ही पावसामुळे येतात.

हे तपासायचं तर एकही सिगारेट न ओढलेली मुलं घ्यायची, त्यांतली वेप ओढणारी आणि न ओढणारी वेगळी नोंदवायची, आणि वर्षभराने कुणी सिगारेट सुरू केली ते पाहायचं. अमेरिकेतल्या अशा नऊ पाहण्या २०१७ मध्ये एकत्र करून तपासल्या गेल्या, मिळून १७ हजारांहून जास्त मुलं आणि तरुण. कधीतरी वेप ओढलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी पुढे सिगारेट ओढून पाहिली, वेपला हातही न लावलेल्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांनी. घरातलं वातावरण, मित्र, स्वभाव यांचा हिशोब वजा केल्यावर फरक कमी होतो, पण पुसला जात नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही पुरावे चाळून वेपमुळे तरुणांनी सिगारेट ओढून पाहण्याचा धोका वाढतो असंच मत दिलं. म्हणजे पाऊस आहेच. छत्रीलाही थोडे पाय आहेत.

त्याच ३० टक्क्यांची दुसरी बाजूही वाचा. वेप ओढलेल्या शंभरातल्या सत्तर जणांनी सिगारेट ओढलीच नाही. मुलाच्या कपाटात वेप सापडली म्हणजे सगळं संपलं, असं मानून घर डोक्यावर घेण्यात अर्थ नाही.

‘अमेरिकेत वेप वाढली तेव्हा सिगारेट कमीच झाली ना?’

झाली. तिथल्या हायस्कूलमध्ये २०१९ साली २७.५ टक्के मुलं वेप ओढत होती आणि सिगारेट ५.८ टक्के. २०२४ पर्यंत वेप ७.८ टक्क्यांवर आली आणि सिगारेट १.७ टक्क्यांवर. एकेका मुलाचा धोका वाढणं आणि एकूण संख्या घटणं एकाच वेळी घडू शकतं, कारण एकूण संख्या महाग सिगारेट, कर, वयाचे नियम यांनीही खाली ओढली जाते. तिथे २०१९ अखेरपासून एकवीसखालच्याला विकता येत नाही, आणि वीसपेक्षा कमी सिगारेटींचं पाकीटच विकायला मनाई आहे. म्हणजे वेप मेली तरी त्या मुलाला खाली उतरून एक सिगारेट सहज मिळत नाही. तिथला आकडा इथे आणताना तिथली टपरी नसलेली गल्लीही बरोबर आणायला हवी.

‘परदेशात सिगारेट सोडायला वेपच देतात म्हणे’

वीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने पूर्णपणे वेपवर जाणं आणि कधीच न ओढलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने वेप सुरू करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला जिन्याने खाली उतरतोय, दुसरा तळमजल्यावरून वर चढतोय. दोघे एकाच पायरीवर भेटले म्हणून दिशा एक होत नाही.

‘आमचा फक्त शनिवार-रविवारी ओढतो, तीही निकोटिन नसलेली’

निकोटिन नाही, हे कुणी तपासलं? ऑस्ट्रेलियात ‘निकोटिन-मुक्त’ लेबल लावलेले द्रव प्रयोगशाळेत तपासले तेव्हा त्यांतल्या कित्येकांत निकोटिन निघालं. आपल्याकडच्या चोरट्या मालावर तर विश्वास ठेवायचं कारणच नाही. आणि मुलांत तलफेची लक्षणं रोज ओढू लागण्याच्या आधीच दिसू शकतात.

प्रमाण कळायला एक प्रश्न पुरतो: उठल्यावर पहिला पफ किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय पक्की झाली आहे, पाच मिनिटांच्या आत असेल तर फारच. हा प्रश्न ओरडून विचारला तर उत्तर खोटं येईल. रात्री गाडीत किंवा गच्चीवर, समोरासमोर न बसता विचारलेला बरा.

‘मग वेप जप्त करून टाकली की झालं!’

घरोघर हेच होतं, आणि पहिली सिगारेट नेमकी त्या संध्याकाळी ओढली जाऊ शकते. पुरवठा तोडला, तलफ तशीच ठेवली, आणि खाली टपरी उघडी. काढून घ्यायचीच आहे, पण तयारीने.

दिवस ठरवा, परीक्षेचा आठवडा टाळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वात जास्त असतो, दोन ते चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. ते तीन दिवस चिडचिड सहन करायची आहे हे घरातल्या सगळ्यांना आधीच ठाऊक हवं. तलफेची एकेक लाट काही मिनिटांत उतरते. तेवढ्या वेळात पाणी, जिना उतरून चढणं, कुणाला तरी फोन, काहीही चालतं. कॉलेज ते स्टेशनचा रस्ता बदला, ओळखीची टपरी टाळून. दोन्ही ओढत असेल तर दोन्ही एकाच दिवशी बंद करणं चांगलं. सिगारेट सोडतो म्हणून वेप वाढवली की निकोटिन होतं तिथेच राहतं.

शाळेने किंवा घराने पोलिसांची भीती घालू नये असं माझं मत आहे. २०१९ च्या कायद्याचा रोख बनवणाऱ्या, आणणाऱ्या, विकणाऱ्यांवर आहे: पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला तर बालन्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भीती घालायची तर दुकानदाराला घाला. मुलाला घातली की तो फक्त लपवायला शिकतो.

फोनवरून फुकट समुपदेशन १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मिळतं. पश्चिम भारतासाठीचं त्याचं केंद्र आपल्या टाटा मेमोरियलमध्ये आहे, मराठीत बोलता येतं. मूल स्वतः बोललं तर उत्तम, नाहीतर पालकांनी आधी बोलावं.

निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल पुष्कळजण विचारतात. दोन मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात मिळतो, पण अठराखालच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि तो साध्या गमसारखा चघळत राहिला तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि ‘याने काही होत नाही’ म्हणून पोरगं परत टपरीवर. जिभेला चरचरेपर्यंत हळू चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चरचर थांबली की पुन्हा चावायचा. असं साधारण अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोला काही नाही. गममध्येही अल्कली घातलेली असते, आजोबांच्या चुन्यासारखीच, आणि कटिंगच्या एका घोटाने तोंड आम्लधर्मी होऊन ती फुकट जाते.